रोमानियाचा आरोग्यकिनारा : ऊन, खारे तळे आणि काळा चिखल

रोमानियाचे नाव काढले की आपल्याकडे बहुतेकांना ट्रान्सिल्व्हेनियाचे किल्ले आणि ड्रॅक्युलाची गोष्ट आठवते. त्याच देशाच्या आग्नेय टोकाला काळ्या समुद्राचा एक उन्हाळी किनारा आहे. सव्वाशे वर्षांपासून लोक दुखरे सांधे, आखडलेले मणके आणि नुकतीच जुळलेली हाडे घेऊन तिथे येतात, काही आठवडे राहतात आणि बऱ्यापैकी हलके होऊन परततात. या किनाऱ्यावर मोठी हॉटेले आहेत, गर्दीची पुळण आहे, रात्रभर चालणारे नाचगाणेही आहे. पण त्याला आरोग्याचे ठिकाण म्हणून नाव मिळाले ते समुद्रामुळे कमी आणि समुद्राला लागून असलेल्या एका खाऱ्या तळ्यामुळे अधिक. ते तळे, त्याच्या तळाचा काळा चिखल आणि तो सामान्य माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळावा म्हणून उभी राहिलेली व्यवस्था, या तीन गोष्टी समजल्या की हा किनारा समजतो.

किनारा कसा आहे

रोमानियाचा समुद्रकिनारा सुमारे २४५ किलोमीटर लांबीचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्याचे दोन भाग पडतात. उत्तरेकडचा भाग डॅन्यूब नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा आहे. तिथे दलदल, बोरूची बने, पाणपक्षी आणि मासेमारांची विरळ गावे आहेत. दक्षिणेकडचा भाग पर्यटकांचा. उत्तरेकडून खाली येताना आधी मामाया लागते, मग कॉन्स्टान्त्सा हे मोठे बंदर, त्यानंतर एफोरिए नॉर्द आणि एफोरिए सूद, पुढे तरुणांचे कोस्टिनेश्ट, मग एकामागून एक ऑलिंप, नेपच्यून, ज्युपिटर, व्हीनस आणि सॅटर्न ही गावे, मांगालिया हे जुने शहर आणि शेवटी बल्गेरियाच्या सीमेला टेकलेले वामा वेके.

या सगळ्या प्रदेशाला दोब्रोजा म्हणतात. तो कोरडा आहे. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे उन्हाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान २७-२८ अंशांच्या घरात राहते आणि समुद्रावरून वारा येत असल्याने ऊन सोसवते. किनारा पूर्वाभिमुख असल्याने सूर्य समुद्रातून उगवतो आणि सकाळचे कोवळे ऊन थेट पुळणीवर पडते. उपचारासाठी आलेल्यांना डॉक्टर उन्हात बसायला सांगतात ते याच वेळी.

काळा समुद्र आपल्या अरबी समुद्राहून पुष्कळ वेगळा आहे. त्यात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. डॅन्यूबसारख्या मोठ्या नद्या त्यात गोडे पाणी ओतत असल्याने तो महासागराच्या निम्माच खारट आहे. एका लिटरमागे १७-१८ ग्रॅम क्षार असतात. उथळ, शांत आणि कमी खारट पाणी लहान मुलांना आणि वृद्धांना सोपे जाते. हिवाळा मात्र कडक असतो. २०१२च्या फेब्रुवारीत कॉन्स्टान्त्साजवळ किनाऱ्यालगतचा समुद्र गोठला होता. इसवी सन ८मध्ये सम्राट ऑगस्टसने रोमन कवी ओव्हिड याला इथेच हद्दपार केले होते. तेव्हा कॉन्स्टान्त्साचे नाव टोमिस होते. या थंडीबद्दल आणि एकटेपणाबद्दल ओव्हिडने काव्यातून केलेली तक्रार दोन हजार वर्षे वाचली जात आहे. त्याचा पुतळा १८८७पासून शहराच्या जुन्या चौकात उभा आहे.

आगगाडी आणि पूल

दोब्रोजा कित्येक शतके तुर्की साम्राज्यात होता. तुर्क आणि तातार वस्ती आजही इथे आहे. कॉन्स्टान्त्साची मोठी मशीद आणि मांगालियाची सोळाव्या शतकातली मशीद त्याची साक्ष देतात. १८७८च्या बर्लिन करारानंतर उत्तर दोब्रोजा रोमानियाकडे आला आणि या नव्या देशाला प्रथमच स्वतःचा मोठा समुद्रकिनारा मिळाला.

अडचण डॅन्यूबची होती. कॉन्स्टान्त्सापासून नदीकाठच्या चेर्नावोडापर्यंत १८६०मध्येच एका इंग्रज कंपनीने रेल्वे टाकली होती, पण पलीकडे बुखारेस्टला जायला पूल नव्हता. अभियंता आंगेल सालिग्नी याने तो बांधला आणि १८९५मध्ये राजा कारोल पहिला याच्या हस्ते त्यावरून गाडी सुरू झाली. राजधानीतला माणूस आता एका दिवसात समुद्रावर पोहोचू लागला. किनाऱ्यावरची आरोग्यस्थाने आणि विश्रामगृहे याच पुलानंतर भराभर वाढली.

त्या काळातील श्रीमंती थाट पाहायचा तर कॉन्स्टान्त्साचा कॅसिनो पाहावा. वास्तुविशारद दानिएल रनार याने आर नूव्हो शैलीत बांधलेली ही इमारत १९१०मध्ये समुद्राच्या अगदी काठावर उघडली. दोन महायुद्धे, बाँबचा मारा, पुढे उपाहारगृह म्हणून वापर आणि १९९०नंतर अनेक वर्षांची उपेक्षा असे सगळे तिने सोसले. खाऱ्या वाऱ्याने भिंती इतक्या खंगल्या की २०१८मध्ये युरोपातील सर्वाधिक धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव आले. त्यानंतर जीर्णोद्धार हाती घेतला गेला आणि २०२५मध्ये ती लोकांसाठी पुन्हा खुली झाली.

तेकिरगिओलचे तळे

कॉन्स्टान्त्साच्या दक्षिणेस पंधरा-वीस किलोमीटरवर तेकिरगिओल हे तळे आहे. पूर्वी इथे एक नदी समुद्राला मिळत होती. समुद्राची पातळी वाढली तशी नदीची दरी बुडाली आणि लाटांनी आणलेल्या वाळूचा बांध साचून तिचे मुख हळूहळू बंद झाले. मागे उरले ते तळे. त्याचे क्षेत्रफळ साडेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. समुद्र आणि तळे यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आहे आणि दोन्ही एफोरिए याच पट्टीवर वसली आहेत. सकाळी समुद्रात आणि दुपारी तळ्यात पाय बुडवावेत इतके दोन्ही जवळ आहेत.

पाऊस कमी, ऊन भरपूर आणि बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे तळ्यातले पाणी आटत गेले आणि क्षार मागे राहिले. आज ते शेजारच्या समुद्राच्या तिपटीहून अधिक खारट आहे. त्यात मासे जगत नाहीत. माणूस मात्र सहज तरंगतो, त्यामुळे गुडघा किंवा कंबर दुखणाऱ्यालाही पाण्यात हालचाल करता येते.

तळ्याची एक लोककथा काठावरच्या तेकिरगिओल गावात सगळे सांगतात. तेकिर नावाचा एक म्हातारा, डोळ्यांनी अधू आणि पायांनी लंगडा, आपल्या तितक्याच थकलेल्या गाढवासह वाट चुकून तळ्याच्या चिखलात रुतला. कसाबसा बाहेर आला तेव्हा त्याला दिसू लागले होते आणि गाढवाच्या अंगावरच्या जखमा भरल्या होत्या. तेकिर आणि त्याचे गाढव यांचा पुतळा गावात आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढे नक्की की डॉक्टर येण्याच्या आधीपासून या चिखलाचा गुण आसपासच्या लोकांना ठाऊक होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला संस्थेचे रूप आले. बुखारेस्टच्या सार्वजनिक रुग्णालयांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने इथे आरोग्यधाम उभारले, तर इओन मोविला या जमीनदाराने १८९९च्या सुमारास आजच्या एफोरिए सूदच्या जागी स्नानगृहे आणि निवासस्थाने बांधली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या ठिकाणाला कार्मेन सिल्वा हे नाव मिळाले. रोमानियाची पहिली राणी एलिसाबेता याच टोपणनावाने कविता लिहीत असे.

चिखल कसा तयार होतो

तेकिरगिओलचा चिखल डांबरासारखा काळा, लोण्यासारखा मऊ आणि चकचकीत असतो. त्याला गंधकाचा उग्र वास येतो. नवख्या माणसाला तो वास नकोसा वाटतो, पण चिखल जिवंत असल्याची ती खूण आहे.

इतक्या खाऱ्या पाण्यात मोजकेच जीव तग धरतात. त्यातले दोन महत्त्वाचे. एक म्हणजे आर्टेमिया सलिना, सेंटिमीटरभर लांबीचा कोळंबीच्या जातकुळीतला जीव. दुसरे क्लॅडोफोरा नावाचे हिरवे, तंतुमय शेवाळ. उन्हाळ्यात हे दोन्ही प्रचंड वाढतात, मग मरून तळाशी बसतात. तळाशी प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू हे मृत अवशेष कुजवतात आणि पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याचा मातीतील लोहाशी संयोग होऊन लोह सल्फाइड बनते आणि चिखलाला काळा रंग येतो. हाच चिखल उघड्या हवेत राहिला की प्राणवायू लागून करडा पडतो. म्हणूनच तो वापरापर्यंत तळ्याच्याच पाण्याखाली ठेवावा लागतो.

ही प्रक्रिया फार संथ आहे. दरवर्षी तळाशी पडणारा थर पातळ असतो आणि तो मुरायला बराच काळ जातो. चिखल कारखान्यात करता येत नाही. तळे बिघडले तर चिखल संपला.

उपचाराची पद्धत

गावात सरकारी आरोग्यधाम आहे आणि ते बाराही महिने चालते. आलेल्या माणसाची आधी डॉक्टर तपासणी करतात, रक्तदाब आणि हृदय पाहतात, जुने अहवाल वाचतात आणि मग उपचारांचा तक्ता लिहून देतात. चिखल हे त्यातले एक औषध असते. जोडीला तळ्याच्या कोमट पाण्यातले स्नान, पाण्यातले व्यायाम, मालिश आणि विजेच्या सौम्य प्रवाहाचे उपचार असतात.

चिखल वापरण्याच्या दोन रीती आहेत. गरम रीतीत चिखल चाळीस अंशांच्या आसपास तापवून दुखऱ्या भागावर जाड थर देतात, वरून कापडाने आणि ब्लँकेटने गुंडाळतात आणि वीस-तीस मिनिटे स्वस्थ पडून राहायला सांगतात. चिखल उष्णता धरून ठेवतो आणि ती सावकाश सोडतो. त्यामुळे शरीर ती सहज सोसते आणि ऊब खोलवर पोहोचते. नंतर कोमट पाण्याने धुऊन विश्रांती घ्यायची असते. ती टाळून चालत नाही, कारण या उपचाराने घाम येतो आणि हृदयाचे काम वाढते.

थंड रीत उन्हाळ्यातली. तळ्याकाठी स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी, आडोसा असलेली आवारे आहेत. अंगभर चिखल माखायचा आणि उन्हात उभे राहायचे. काळा थर वाळून करडा होतो आणि त्वचा ताणली जाते, मग तळ्यात उतरून अंग धुवायचे. थंड चिखल, तापते ऊन आणि खारे पाणी अशा तीन अवस्था शरीर लागोपाठ अनुभवते. तिथे साठी-सत्तरीच्या आजीबाई आणि आजोबा निःसंकोच उभे असतात, कारण सगळेच आजारी आणि सगळेच काळे माखलेले असतात.

एक-दोन दिवसांत गुण येत नाही. एका उपचारक्रमाला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात आणि पुष्कळ लोक दरवर्षी एकदा येतात.

क्षयरोगाचे दिवस

आज इथे प्रामुख्याने संधिवात, मणक्याची झीज, हाड मोडल्यानंतरचा ताठरपणा, पक्षाघातानंतरची दुर्बलता आणि सोरायसिससारखे त्वचारोग घेऊन लोक येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र या किनाऱ्यावर सर्वाधिक दुःख आणले ते हाडांच्या क्षयाने.

रॉबर्ट कॉख याने १८८२मध्ये क्षयाचा जंतू शोधला खरा, पण त्यावर औषध यायला साठ वर्षे लागली. मधल्या काळात डॉक्टरांच्या हाती होते चांगले अन्न, विश्रांती, मोकळी हवा आणि ऊन. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझां येथे डॉ. ऑग्युस्त रोलिए यांनी सूर्यस्नानाचे आरोग्यधाम सुरू केले. पर्वतावरील उन्हाला समुद्राकाठच्या उन्हाची जोड मिळाली आणि युरोपभर किनाऱ्यांवर क्षयाची रुग्णालये उभी राहिली. तेकिरगिओल आणि एफोरिए त्यांतलीच.

मणक्याचा क्षय झालेल्या रुग्णाला प्लास्टरच्या साच्यात महिनोन्महिने उताणे निजवत. खाटेसह सज्जात नेत, उन्हात ठेवत, परत आत आणत. रोमानियन लेखक मॅक्स ब्लेखर हे त्यांपैकी एक. जन्म १९०९चा. पॅरिसमध्ये वैद्यकशास्त्र शिकत असताना त्यांना मणक्याचा क्षय निघाला. फ्रान्समधील बेर्क, स्वित्झर्लंडमधील लेझां आणि मायदेशातील तेकिरगिओल अशा तिन्ही ठिकाणी त्यांनी उपचार घेतले. त्या अनुभवातून १९३७मध्ये त्यांची ‘जखमांचे व्रण उरलेली हृदये’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते वारले. २०१६मध्ये दिग्दर्शक राडू झुडे यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि कथा काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर आणली. १९४३मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यावर आणि नंतर आणखी औषधे आल्यावर हाडांचा क्षय बरा होऊ लागला आणि आरोग्यधामांचे काम हळूहळू संधिवात आणि पुनर्वसनाकडे वळले.

कामगारांची सुट्टी

दुसऱ्या महायुद्धानंतर रोमानियात साम्यवादी सत्ता आली. १९४८पासून खासगी मालमत्ता, त्यात किनाऱ्यावरील बंगले आणि स्नानगृहेही, सरकारजमा झाली. कारखान्यांतले आणि खाणींतले कामगार युनियनच्या चिठ्ठीवर सवलतीत समुद्रावर येऊ लागले. कार्मेन सिल्वाचे नाव बदलून १९३३च्या संपात मारल्या गेलेल्या वासिले रोआइता या तरुण कामगाराचे नाव दिले गेले आणि १९६२मध्ये तेही जाऊन एफोरिए सूद हे नाव आले.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वास्तुविशारद चेझार लाझारेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी एफोरिए आणि मग मामायाला नवे रूप दिले. पांढऱ्या, साध्या रेषांच्या, समुद्राकडे गच्च्या असलेल्या या इमारतींच्या रचनेत ऊन आणि वारा प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचावा हा विचार स्पष्ट दिसतो. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून मांगालियाच्या उत्तरेस नेपच्यून, ज्युपिटर, व्हीनस, सॅटर्न अशी रोमन देवतांची नावे असलेली गावे काही वर्षांत उभी राहिली. पश्चिम जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातून पर्यटक विमाने भरून येऊ लागले.

या चित्राची दुसरी बाजू लपवता येत नाही. एफोरिएच्या अगदी शेजारी, आगिजाजवळ, डॅन्यूब-काळा समुद्र कालवा समुद्राला मिळतो. १९४९ ते १९५३ या काळात या कालव्याच्या पहिल्या प्रयत्नासाठी हजारो राजकीय कैद्यांना इथे जुंपले गेले. शेतकरी, पाद्री, प्राध्यापक, विद्यार्थी यांनी दोब्रोजाच्या उन्हात आणि बर्फाळ वाऱ्यात दगड फोडले आणि अनेकांनी तिथेच प्राण सोडले. काम अर्धवट राहिले. आजचा ६४ किलोमीटरचा कालवा १९८४मध्ये पुरा झाला. ज्या ऊन-वाऱ्याने काहींची हाडे जुळली, त्याच ऊन-वाऱ्यात इतरांची हाडे मोडली हे या किनाऱ्याबद्दल लिहिताना सांगायलाच हवे.

त्या काळातील एक चांगली गोष्ट मात्र टिकली. निवृत्तांना सरकारी पेन्शन यंत्रणेमार्फत आजही उपचाराची चिठ्ठी मिळते. ते आपल्या पेन्शनचा ठरावीक हिस्सा भरतात आणि राहणे, जेवण, तपासणी, उपचार असा सुमारे दोन आठवड्यांचा लाभ घेतात. त्यामुळे शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिकाही इथे येऊ शकते.

मांगालियाचे गंधकपाणी

मांगालिया हे ग्रीकांनी वसवलेले प्राचीन कॅलाटिस. तिथे जमिनीतून गंधकयुक्त कोमट पाणी येते. त्याचे तापमान वीस ते अठ्ठावीस अंशांच्या दरम्यान असते. समुद्र, गंधकपाणी आणि चिखल तिन्ही एका ठिकाणी मिळत असल्याने हेही जुने उपचारकेंद्र आहे.

या पाण्याने विज्ञानालाही एक मोठी भेट दिली. १९८६मध्ये शहराजवळ वीजकेंद्रासाठी जमिनीची तपासणी करताना कामगारांनी खणलेला खड्डा एका बंदिस्त गुहेत उघडला. ती मोविले गुहा. लाखो वर्षे बाहेरच्या जगाशी तिचा संबंध तुटलेला होता. आत सूर्यप्रकाश नाही, हवेत प्राणवायू निम्म्याहून कमी, कार्बन डायॉक्साइड आणि मिथेन मात्र भरपूर. तरीही तिथे गोगलगायी, कोळी, गोमा, जळवा, पाणविंचू असे पन्नासच्या आसपास अपृष्ठवंशी जीव सापडले आणि त्यांतले बरेचसे जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. त्यांचे अन्न तयार करतात जिवाणू, तेही उन्हाऐवजी गंधकपाण्यातील हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन यांच्या रासायनिक ऊर्जेवर. जमिनीवरील अशा परिसंस्थेचे हे पहिलेच माहीत झालेले उदाहरण. गुहा आज बंद ठेवली आहे आणि मोजक्या संशोधकांनाच आत जाऊ दिले जाते.

गेरोविटालची कहाणी

या देशाच्या आरोग्यपर्यटनाबद्दल बोलताना डॉ. आना अस्लान यांचे नाव टाळता येत नाही. जन्म १८९७, मृत्यू १९८८. १९५२मध्ये बुखारेस्टला वार्धक्यशास्त्राची संस्था स्थापन झाली. अशा प्रकारच्या जगातील पहिल्या संस्थांमध्ये तिची गणना होते. तिथे त्यांनी प्रोकेन या भूल देण्याच्या औषधापासून गेरोविटाल एच-३ तयार केले. त्याने म्हातारपण लांबणीवर पडते अशी ख्याती झाली आणि परदेशांतून नामवंत लोक उपचारासाठी येऊ लागले. किनाऱ्यावरही ते देणारी केंद्रे निघाली.

म्हातारपण मागे ढकलण्याचा हा दावा पुढील चाचण्यांत सिद्ध झाला नाही आणि अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली नाही. वृद्धांच्या आजारांकडे स्वतंत्र वैद्यकशाखा म्हणून पाहायला अस्लान यांनी लावले, हे त्यांचे योगदान मोठे आहे. इंजेक्शनच्या भरवशावर मात्र कोणी तिथे जाऊ नये.

गुण किती, आणि कोणी टाळावे

चिखलोपचाराबद्दल युरोपात बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. गुडघ्याच्या झिजेत दुखणे कमी होते, हालचाल सुधारते आणि हा आराम काही महिने टिकतो असे त्यांतील अनेकांत दिसले. चाचण्या बहुधा लहान आहेत, शिवाय अंगाला चिखल लावलेल्या माणसापासून ते लपवता येत नसल्याने खऱ्या औषधाची खोट्या औषधाशी जशी तुलना होते तशी इथे करणे अवघड असते. उष्णता, पाण्यातला व्यायाम, विश्रांती, ऊन आणि घरच्या कटकटीपासून सुटका या सगळ्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. झिजलेली कूर्चा परत उगवत नाही आणि मधुमेह बरा होत नाही. दुखणे सुसह्य होते आणि गोळ्या कमी लागतात. दीर्घ आजारात हेही मोलाचे आहे.

ताप असताना, सांधा लाल होऊन सुजलेला असताना, हृदयविकार किंवा रक्तदाब आटोक्यात नसताना, कर्करोगावर उपचार चालू असताना आणि गरोदरपणी गरम चिखल टाळावा. उघडी जखम असेल तर खारे पाणीही टाळावे. आधी डॉक्टर आणि मग चिखल हा तिथला क्रम आहे. तो मोडून केवळ पर्यटक म्हणून काठावरचा चिखल अंगभर फासणे शहाणपणाचे नाही.

तळे कसे वाचले

साम्यवादी राजवटीच्या अखेरच्या दशकांत दोब्रोजात शेतीसाठी मोठ्या सिंचनयोजना झाल्या. कोरड्या शेतांना डॅन्यूबचे पाणी मिळाले, पण मुरलेले गोडे पाणी तेकिरगिओलमध्ये उतरू लागले. तळ्याची पातळी चढली आणि खारटपणा झपाट्याने घटला. खारटपणा घटला की आर्टेमिया कमी होतो, आर्टेमिया कमी झाला की चिखल बनत नाही. संकट ओळखून १९८०च्या दशकात तळ्याच्या आतल्या टोकाला बांध घातले गेले. गोडे पाणी बांधांमागे अडवले आणि मुख्य तळे खारे राहिले. आज तळ्यात गोडा, मचूळ आणि खारा असे तीन भाग आहेत. त्यामुळे पक्ष्यांनाही आसरा मिळाला. जगभर दुर्मीळ झालेले पांढऱ्या डोक्याचे बदक हिवाळ्यात इथे येते. २००६मध्ये तळ्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

समुद्राच्या बाजूचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुळणींना वाळू पुरवत होती ती डॅन्यूब. १९७२मध्ये आयर्न गेट्स धरण झाल्यावर गाळ मागेच अडू लागला. बंदरांच्या लांबलचक धक्क्यांनी किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारी वाळूही अडवली. पुळणी आक्रसत गेल्या. अलीकडे मामाया आणि इतर ठिकाणी समुद्रतळातून वाळू उपसून पुळण रुंद केली गेली आहे. तिथे आता पूर्वीपेक्षा खूप जागा आहे. पण नदीकडून नवी वाळू येत नाही तोवर हे काम पुन्हा पुन्हा करावे लागणार.

जायचे असेल तर

रोमानिया मार्च २०२४पासून हवाई आणि सागरी मार्गांसाठी आणि जानेवारी २०२५पासून जमिनीवरील सीमांसाठीही शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणजे शेंगेन व्हिसावर जाता येते. चलन लेऊ आहे, युरो नाही. बुखारेस्टहून कॉन्स्टान्त्सा सुमारे २२५ किलोमीटर आहे. आगगाडीने दोन-अडीच तास लागतात आणि मोटारीसाठी द्रुतगती मार्ग आहे.

समुद्रस्नानासाठी जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हा काळ चांगला. उपचारासाठी जून किंवा सप्टेंबर निवडावा, कारण तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही कमी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मामाया आणि कोस्टिनेश्ट तरुणांच्या गजबजाटाने भरलेले असतात. शांतता हवी असलेल्यांनी एफोरिए नॉर्द किंवा तेकिरगिओल गाव निवडावे. शाकाहारी माणसाची फारशी अडचण होत नाही. मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा चीज आणि सायीसोबत मिळते, वांगी आणि ढोबळी मिरचीची झाकुस्का पावाला लावून खातात आणि दोब्रोजाची चीज भरलेली खारी पोळी प्रसिद्ध आहे.

उपचार घ्यायचे असतील तर निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. आपल्या डॉक्टरांना आधी विचारा, जुने अहवाल आणि चालू औषधांची यादी इंग्रजीत लिहून सोबत न्या आणि हॉटेल ठरवण्याआधी तिथल्या आरोग्यधामात तपासणीची वेळ ठरवा. समुद्र आणि हॉटेले युरोपभर आहेत. तेकिरगिओलला जायचे ते त्या तळ्यासाठी आणि तिथल्या शिस्तशीर, सामान्यांना परवडणाऱ्या उपचारांसाठी.